एकेकट्याची सुट्टी

आमच्या शाळेत एक बाई होत्या. त्यांना सुट्टी या गोष्टीचाच राग आहे असं सगळे समजत. ते खरं नव्हतं. राग होता तो सुट्टी वाटण्याच्या पद्धतीचा. "सगळ्यांना एकदम मिळते ती सुट्टी नव्हे," त्या म्हणायच्या, "तो बंद." आणि बंद म्हणजे काय, हे लालबाग-काळाचौकीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, हे एक कारण. दुसरं असं की नाव आलं की ओळखीची माणसं शोकसभेत बोलल्यासारखी बोलू लागतील, मीही त्यांच्यात सामील होईन, आणि जे सांगायचंय ते पुन्हा राहून जाईल. आधीच ते फार राहिलंय.

उंच, हाडापेराने मजबूत बाई. वऱ्हांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज आधी यायचा आणि मुलं आपोआप जागेवर बसायची. भूगोल शिकवायच्या. नकाशा त्यांनी कधी फळ्यावर टांगला नाही. वर्गाच्या मधोमध जमिनीवर पसरायच्या आणि मुलांना त्याच्याभोवती उकिडवं बसवायच्या. मुख्याध्यापकांनी एकदा हटकलं, तर म्हणाल्या की कोकण काही भिंतीला लटकवलेलं नाही, खाली जमिनीवर आहे.

मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्या रिकामा वर्ग शोधत फिरत. स्टाफरूममध्ये पंखा, चहा, गप्पा सगळं असताना बाई कुठल्या तरी वर्गात शेवटच्या बाकावर एकट्या बसून भाकरी आणि सुकट खात. आम्ही त्यांना घुम्या म्हणायचो. कुणी गर्विष्ठ म्हणायचं. मी त्यांच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, नोकरीत नवा होतो तेव्हा मीही म्हटलंय.

किरकोळ रजा त्या नेहमी आठवड्याच्या मधल्या दिवशी घेत. रविवारला जोडून सोमवार किंवा शनिवार, असं कधीच नाही. अर्जात कारणाच्या जागी 'कारण नाही' असं लिहीत. ऑफिसातले क्लार्क अर्ज परत आणून देत, म्हणत, बाई, निदान कौटुंबिक कारण तरी लिहा. बाई विचारायच्या, "कुटुंबापासून लांब बसायचंय, ते कौटुंबिक कारणात चालेल का?" क्लार्क स्वतःच काहीतरी लिहून टाकत.

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. काळाचौकीच्या एका चाळीत भावाच्या कुटुंबाबरोबर एका खोलीत राहात. खोली मूळ वडलांची. वडील गिरणीत होते. पाळ्या चालू होत्या तोवर खोलीतल्या माणसांचीही पाळी लागलेली असे. कुणी झोपलेलं, कुणी कामावर, कुणी शाळेत. मग संप झाला आणि सगळे पुरुष एकदम घरी आले. बाई तेव्हा डी.एड.ला होत्या. वाचायला जिन्यात बसत. वडील दारात बसून असत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दाढी वाढवून. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही शाळेच्या गेटपाशी बसची वाट बघत उभ्या असताना. "लांबलचक सुट्टीने माणूस कसा झिजतो ते मी घरात बघितलंय," म्हणाल्या. "पोरांना दीड-दीड महिना घरी बसवतात तेव्हा मला तो दरवाजा दिसतो."

त्याच दिवसांत एकदा घरची सगळी माणसं परळला कुणाच्या लग्नाला गेली. परीक्षा होती म्हणून बाई मागे राहिल्या. त्यांनी दार लावून घेतलं. अभ्यास केला नाही. नुसत्या बसल्या. "आमच्या घड्याळाला आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "जन्मापासून ते भिंतीवर होतं. टकटक ऐकली ती विसाव्या वर्षी."

त्यांचं सुट्टीचं सगळं शास्त्र त्या टकटकीतून आलं होतं असं मला आता वाटतं. मुलाला सुट्टी किती हवी, तर एक दिवस. केव्हा केव्हा हवी, तर महिन्या-दोन महिन्यांनी. पण त्या दिवशी बाकी सगळी दुनिया कामावर पाहिजे. मे महिन्यात खोली मोठी होते का, असं त्या आम्हाला विचारत. खोली तेवढीच, माणसं दुप्पट. आई दोन वेळच्या जागी चार वेळा गॅस पेटवते, पोरं जिन्यात भांडतात, म्हातारी कावते. याला सुट्टी म्हणायचं?

आम्ही म्हणायचो, बाई, मुलं गावी जातात की. त्यावर त्या हसायच्या. "गावी जाणं ही ड्युटी रे, झिला. काजू गोळा करा, चार लग्नं उरका, आजीचे पाय चेपा. परत येतात तेव्हा पोरं पाढे विसरलेली आणि आया अर्ध्या झालेल्या."

शाळा उघडली की मराठीच्या तासाला 'मी सुट्टी कशी घालवली' हा निबंध ठरलेला. तो त्यांना अजिबात खपत नसे. हिशेब मागितला की सुट्टी उरत नाही, गृहपाठ होतो, असं त्यांचं म्हणणं. मराठीच्या बाईंशी त्यांचं यावरून कायमचं वाजलं होतं.

वर्षातल्या काही सुट्ट्या मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या असतात. सरकारी यादीत नसलेल्या, शाळेने आपल्या सोयीने द्यायच्या. जूनच्या सभेत त्या कुठे लावायच्या यावर आम्ही शिक्षक तावातावाने बोलत असू. बहुतेकांना त्या गणपतीला जोडून हव्या असत, कारण कोकणातल्या माणसाला गणपतीत मुंबईत थांबवणं अशक्य, आणि लालबागला त्या दिवसांत शाळेपर्यंत पोचणं त्याहून अशक्य. एका वर्षी बाई उठून म्हणाल्या की सर, या सुट्ट्या तुमच्या अधिकारातल्या ना, मग त्या एकगठ्ठा कशाला देता, वाटा. एकेका मुलाला एकेका दिवशी. सगळे हसले. मुख्याध्यापकही हसले आणि पुढच्या विषयावर गेले.

बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी वाटायला सुरुवात केली.

पद्धत साधी होती. त्या मुलांना बोलतं करत. कुणाचं घर कुठल्या दिवशी रिकामं असतं, कुणाची आजी कधी गावी गेली, भावाची शाळा कुठल्या वेळची. मग आईला गाठत. आईची संमती घेतल्याशिवाय त्यांनी एकालाही पाठवलं नाही, हे मला नक्की माहीत आहे. मग आदल्या दिवशी त्या मुलाला वऱ्हांड्यात बोलवून सांगत की उद्या तुला सुट्टी. घरी राहायचं. दार लावायचं. मोबाईल नाही, टीव्ही नाही. कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. आणि उद्या काय केलंस ते मला सांगायचं नाही.

मी सातवीचा वर्गशिक्षक होतो. सकाळी जिन्यात भेटून बाई मला फक्त नाव सांगत. मी मान हलवायचो आणि त्या मुलाला हजर धरायचो. का, ते मला सांगता येत नाही. काहीसं गंमत म्हणून, काहीसं बाईंच्या धाकाने. आणि थोडं यासाठीही की दुसऱ्या दिवशी ते मूल वर्गात यायचं तेव्हा त्याच्यात एक फरक असायचा. मला तो शब्दांत पकडता येत नव्हता. जरा रुंद झाल्यासारखं बसायचं.

प्राची त्यातलीच एक. सहा माणसांच्या खोलीत वाढलेली, अंग चोरून चालणारी मुलगी. वडील एका टॉवरवर सिक्युरिटीत, आई वरळीला दोन घरी स्वयंपाकाला. दिवाळीनंतरच्या एका बुधवारी तिचा नंबर लागला.

इथे चाळीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. चाळीत दिवसा दार लावत नाहीत. पडदा सोडतात, फार तर अर्धं दार लोटतात. भर दुपारी दाराला आतून कडी म्हणजे आत भांडण आहे, आजार आहे किंवा त्याहून वाईट काही. बाईंना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मुलं आपल्या परीने निभावून नेत, शेजाऱ्यांनी विचारलं तर पोटात दुखतं म्हणून सांगत. प्राचीने मात्र बाईंचा शब्द तंतोतंत पाळला.

पलीकडच्या खोलीतल्या काकींना दुपारी दिसलं ते एवढंच. प्राचीच्या चपला बाहेर आणि कडी आतून. त्यांनी हाक मारली. ओ नाही. दार वाजवलं. ओ नाही. वरच्या मजल्यावरच्या बायका आल्या. कुणी म्हणालं, परवा तिला आई ओरडत होती. कुणी म्हणालं, चाचणीत कमी मार्क पडले. आईला फोन लावले तर तिचा मोबाईल पिशवीत, ती गॅससमोर. शेवटी खालून मंडळाची पोरं आली, मांडवाच्या कामाची पहार घेऊन, आणि त्यांनी कडी उखडली.

प्राची खोलीच्या मधोमध आडवी होती. हात पसरलेले, पाय पसरलेले, डोळे मिटलेले. काकींनी किंचाळून भिंत धरली. तेव्हा प्राचीने डोळे उघडले आणि म्हणाली, "बाईंनी ओ देऊ नको सांगितलंय."

त्या खोलीत रात्री सहा माणसं झोपत. प्रत्येकाची एक पट्टी ठरलेली. प्राचीने सामान भिंतीला सरकवलं होतं आणि एकदा पुरते हातपाय ताणून बघितले होते. एवढंच. ते मला तिच्या आईने पुष्कळ नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चाळीतली माणसं शाळेत आली. ती चुकीची नव्हती. घाबरलेल्या माणसांचा राग होता तो. काही झालं असतं तर, हे एकच वाक्य मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येत होतं. प्राचीची आई कोपऱ्यात पदर धरून उभी होती. तिला आधीपासून माहीत होतं, पण नवऱ्यासमोर आणि शेजाऱ्यांसमोर ती गप्प राहिली. तिला मी दोष देत नाही. दोष द्यायला माझ्याकडे जवळचा माणूस आहे.

संस्थेचे दोन पदाधिकारी आले होते. त्यांनी बाईंना विचारलं की तुम्ही सांगितलंत का. बाई हो म्हणाल्या. आणखी कुणाकुणाला सांगितलंत? त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. मग एकाने जरा आवाज चढवून विचारलं, लोकांना दार तोडावं लागलं, याचं काही वाटतं का?

बाई म्हणाल्या, "दार तोडलं ते त्यांनी बरोबर केलं. तिने ओ दिली नाही तेही बरोबर."

त्यांना वाटलं बाई टिंगल करतायत. मलाही तसंच वाटलं.

मग ते माझ्याकडे वळले. वर्गशिक्षक तुम्ही ना? तुम्हाला याची कल्पना होती? माझी पर्यवेक्षकपदाची फाईल तेव्हा संस्थेकडे गेलेली होती. पण खरं सांगायचं तर फाईल नसती तरी मी तेच बोललो असतो. मी म्हणालो, "नाही सर. मला वाटलं ती आजारी आहे. हजेरी घाईत चुकली असेल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. गैरहजर मुलाच्या बाकाकडे बघतात तसं पाहिलं आणि पदाधिकाऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "त्यांना माहीत नव्हतं." माझं खोटं त्यांनी पुरं करून दिलं.

त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते, ते त्या रजेतच गेले. निरोपसमारंभ झाला नाही. मुलांना दीड महिना घरी बसवू नका म्हणणाऱ्या बाईला आम्ही न मागितलेली, न संपणारी सुट्टी देऊन मोकळे झालो. मी पर्यवेक्षक झालो. जिन्यात सकाळी नाव सांगायला कुणी येईना, एवढाच काय तो बदल.

पुढे त्यांची चाळ पुनर्विकासासाठी पाडली. भावाचं कुटुंब बदलापूरला गेलं आणि तिथेच रमलं. टॉवर उभा राहिला तेव्हा त्यातल्या घरात बाई एकट्याच राहायला आल्या. अठराव्या मजल्यावर, स्वतःच्या दाराआड. लोक म्हणायचे, बाईंच्या मनासारखं झालं. मीही असंच स्वतःला सांगत होतो. मुद्दाम जायचं टाळत होतो आणि हिंदमाताला खरेदीला गेलो तरी बायकोला दुसऱ्या रस्त्याने नेत होतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र गेलो. मुख्याध्यापक म्हणून माझी नेमणूक झाली होती. पेढे हे निमित्त होतं. त्या केबिनमध्ये, त्याच खुर्चीत बसायच्या आधी एकदा बाईंना सांगून टाकावं असं ठरवलं होतं. घरून निघताना वाक्यं जुळवली होती.

लिफ्टमधून बाहेर आलो तर दोन्ही बाजूंना सारखी दारं, सगळी बंद. एकाही दाराबाहेर चप्पल नव्हती. सोसायटीचा नियम आहे, चपला आत ठेवायच्या. त्यामुळे कोण घरात आणि कोण बाहेर, कळायला मार्ग नाही. मी बेल वाजवली. थांबलो. पुन्हा वाजवली. आतून काही आलं नाही.

आता जे लिहितोय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला हायसं वाटलं. मनात आलं, बाई सुट्टीवर असतील. ओ द्यायची नाही हा त्यांचाच तर नियम. आपण आलो होतो, बेल वाजवली होती, आपलं काम झालं. पेढ्यांचा पुडा तसाच घेऊन मी खाली उतरलो आणि लालबागला एका हॉटेलात बसून निवांत चहा प्यालो. चहा चांगला लागला हेही आठवतंय.

बाई आत न्हाणीघरात पडलेल्या होत्या. खुबा मोडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना बादली बाहेर दिसली नाही. त्यांनी बेल वाजवली, मग दारावर थापा मारल्या, मग वॉचमनला वर आणलं आणि दार उघडायला लावलं. त्या मजल्यावर कुणाच्या दाराला तशी थाप पहिल्यांदाच पडली असेल.

मला कळायला आठवडा गेला. मी रुग्णालयात गेलो तेव्हा ऑपरेशन झालं होतं, पण छाती भरली होती. मोठा वॉर्ड, खाटेला खाट लागलेली, प्रत्येक खाटेभोवती माणसं. बाई बारीक दिसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बघ. शेवटी पुन्हा कॉमन खोलीत."

मी स्टुलावर बसलो आणि जुळवलेली वाक्यं बोलायला लागलो. केबिनमधलं, हजेरीचं, माझ्या खोट्याचं. त्यांनी हात हलवून थांबवलं. "ते मला त्याच दिवशी कळलं होतं रे. दुसरं काही असेल तर बोल."

दुसरं होतं. मी म्हणालो की तुम्ही पडलात त्या दिवशी मी आलो होतो. बेल वाजवली होती.

"दोनदा," त्या म्हणाल्या. "तू होतास होय."

"मला वाटलं, तुम्ही सुट्टीवर आहात."

त्या हसल्या. हसताना दुखलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटले. बाजूच्या खाटेवरच्या आजींना कुणीतरी पेज भरवत होतं, तिकडचा आवाज खूप होता. मला वाटलं बाई झोपल्या. मग म्हणाल्या, "मी ओ दिली होती रे. तू थांबला नाहीस."

हायसं वाटलं होतं ते मला त्यांना सांगता आलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. स्मशानात प्राची आली होती. नर्सिंगला आहे. तिने मला ओळखलं, नमस्कार केला आणि बाजूला जाऊन एकटी उभी राहिली. मी तिच्याजवळ गेलो नाही.

यंदा जूनमध्ये अधिकारातल्या सुट्ट्या माझ्यासमोर आल्या. मी त्या गणपतीला जोडल्या. बाईंसारख्या त्या एकेकाला वाटून द्यायचं धाडस माझ्यात नाही, आणि आता त्याचा उपयोगही काय, कळत नाही. आमच्या मुलांपैकी बरीचशी आता टॉवरमध्ये राहतात, दाराआडच असतात. मराठीच्या बाईंना तेवढं सांगितलं की सुट्टीचा निबंध नको. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, कारण नाही.

माझी मुलगी दहावीत आहे. रविवारी दुपारी खोलीचं दार लावून घेते. बायको म्हणते, असू दे, तिला एकटं बसू दे. मी बसू देतो. पण मध्ये एकदा दारापाशी जातो, दार वाजवत नाही, नावाने हाक मारतो. ती बहुतेक वेळा ओ देत नाही. चिडतेही.

मी थांबतो. आत खुर्ची सरकते, पान उलटतं, कधी पंख्याचा वेग वाढवल्याचा आवाज येतो. तेवढं ऐकू येईपर्यंत थांबतो आणि मग आवाज न करता निघून येतो.